अकरा इंचात लग्नपत्रिका

माझा लॅपटॉप अकरा इंचाचा आहे. तो मी निवडलेला नाही. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी निवडला. मला रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली तेव्हा आबा माझ्याबरोबर शिरूरच्या दुकानात आले, मांडलेले सगळे लॅपटॉप एकेक करून हातात तोलून पाहिले आणि सगळ्यात लहान होता त्यावर बोट ठेवलं. "ह्यो घे. पोरीच्या पर्समधी मावंल." मी तेव्हा नवी नवी कमावती होते, म्हणून गप्प बसले. ज्याच्यापुढं दिवसभर डोळे फोडायचे ती वस्तू पर्समध्ये मावते का यावरून पारखणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. आबा स्वतः पर्स वापरत नाहीत, हेही इथं सांगून ठेवते.

त्यात हे अकरा इंच म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र. वहिवाटीला प्रत्यक्षात किती येतं ते जागेवर गेल्यावरच कळतं. खालून टास्कबार बांध कोरत येतो. वरून ती बटणांची रिबन चांगली दोन बोटं आत घुसते. तिच्याखाली मोजपट्टी, उजवीकडं सरकपट्टी, आणि तळाला आणखी एक बारीक पट्टी, हे कितवं पान आणि शब्द किती झाले ते सांगायला, जसं काही तिला कुणी विचारलंच होतं. मधे उरतं ते दोन गुंठे. त्यात काय पिकवायचं ते पिकवा. आमच्या मांडवगण फराट्यात बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण त्या माणसांचं निदान एकमेकांकडं येणं-जाणं तरी बंद होतं. या पट्ट्या रोज सकाळी हजर.

कंपनीत तेवढ्यात भागून जायचं. तिथं मला बोल्टांच्या याद्या भराव्या लागतात, आणि बोल्टांना मानपान नसतो. कोणता वर आणि कोणता खाली यावरून एम-आठचा बोल्ट एम-दहावर रुसून बसलाय असं अजून झालेलं नाही. खरी जागेची चणचण भासली ती माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. पत्रिका पाहावी टाइप करून, हे त्यात घालायचं राहून गेलं.

मुलाकडची मंडळी यवतची. तिथंच हायवेला त्यांच्या ओळखीचा प्रेसवाला होता. त्यानं पहिल्याच फोनला सांगून टाकलं, "मॅडम, तुमच्या भागातली नावं आम्ही टाइप करत न्हाई. मागं भांडणं झाल्यात. फायनल करून पाठवा, छापून देतो." धाकटीनं माझ्याकडं पाहिलं, मी लॅपटॉपकडं पाहिलं. माझं अजून लग्न झालेलं नाही, याचं भावकीला माझ्यापेक्षा जास्त दुःख आहे. त्यामुळं धाकटीची पत्रिका मी हसतमुखानं करते आहे हे गावाला दिसणंही गरजेचं होतं.

आमची माणसं आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन रानोरान फिरायची. आता सगळे शेतीवाले होऊन बसलेत, पण बसले ते पांगून. त्यामुळं प्रत्येक नदीकाठी आमचं एक घर आहे आणि प्रत्येक घराचं एक नाव पत्रिकेत पाहिजे. आबांनी वहीच्या पानावर यादी दिली. पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. वर देव, मग वधू-वर, मग मुहूर्त, मग आपले नम्र, मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग कार्यवाहक, मग समस्त अमुक परिवार, आणि शेवटी आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली, त्यातलं एक अजून जन्माला यायचं होतं. माझ्या पडद्यावर एका वेळी देवापासून मुहूर्तापर्यंत दिसायचं. पुढचं पाहायला गेलं की देव वर निघून जायचे.

मग मी अतिक्रमण हटवायला घेतलं. टास्कबारला आपोआप लपायला लावलं. रिबन मिटवली. मोजपट्टी काढली. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून दुकानदारानं सगळंच सव्वापट करून ठेवलं होतं, ते मूळ मापावर आणलं. झूम ऐंशीवर, मग सत्तरवर, मग मला चष्मा लागायची पाळी. तरी पान पुरं बसेना, कारण पत्रिका उभी आणि पडदा आडवा. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन पडदाच उभा केला. मजकूर काटकोनात फिरला. मग लॅपटॉपही फिरवला, पुस्तकासारखा अर्धा उघडून पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. डाव्या पानावर पत्रिका, उजव्या पानावर कीबोर्ड. आख्खं पान दिसलं! फक्त बोट वर नेलं की बाण आडवा पळायचा, आणि टाइप करताना भिंतीवर टकटक केल्यासारखं वाटायचं. पण माणसाला सगळी सुखं एकदम मिळत नाहीत.

आई तांदूळ निवडत समोर बसली होती. तिनं थोडा वेळ पाहिलं. "पोथी लावलीस व्हय?"

"पत्रिका आहे, आई."

ती पुन्हा तांदळाकडं वळली. चारदोन खडे बाजूला झाले. मग खाली बघूनच म्हणाली, "माझं कुठं घेतलंय गं?"

मी बोट ठेवलं. आबांच्या यादीत आईचं नाव सगळ्यात शेवटच्या ओळीत होतं, गावातल्या दोन विधवा चुलत आज्यांच्या शेजारी, नावाआधी गं. भा. लावून. चिल्ल्यापिल्ल्यांच्याही खाली. तिच्याखाली फक्त 'कृपया आहेर आणू नये' एवढीच ओळ होती. आई जवळ आली, डोळे बारीक करून वाकली.

"दिसत न्हाई. लईच बारीक हाय," म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटी शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून दोन एकर रान आणि तीन गाई आईनं एकटीनं ओढल्या. लाइटबिल अजून वडिलांच्या नावानं येतं. डेअरीच्या कार्डावर आबांचं नाव आहे. कुणाला फोन लावला की आई स्वतःचं नाव सांगत नाही, "आबांच्या घरनं बोलतीया," म्हणते. आधार कार्ड सोडलं तर तिचं नाव कुठं छापलेलं मला आठवत नाही. आणि ते कार्डही ती डब्याच्या तळाशी ठेवते. धाकटीला तापात मांडीवर घेऊन बसणारी ती, यवतच्या मंडळींपुढं सगळी बोलणी होईपर्यंत उभी राहिलेली ती, आणि बोलावणाऱ्यांत मात्र ती नाही. मला भयंकर राग आला. मी तिचं नाव तिथून उचललं, गं. भा. काढून टाकलं, साधं श्रीमती लावलं आणि 'आपले नम्र'खाली पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. आबा आणि चुलती दुसऱ्या ओळीत. कुणाला काही बोलले नाही. आईलाही नाही.

आता आबांबद्दलही खरं ते सांगायला हवं, नाहीतर ते उगाच खलनायक होतील. वडिलांमागं आबा दर रविवारी आमच्याकडं आले. एकही रविवार चुकला नाही. माझी शाळा त्यांनीच सुटू दिली नाही. फक्त त्यांच्या डोक्यात जगाची एक ओळ ठरलेली आहे आणि त्या ओळीत थोरला पुढं चालतो. विधवेनं बोलावणं धाडायचं नसतं, ही त्यांना रीत वाटते, अन्याय वाटत नाही. वाद घालून हे बदलणार नव्हतं, आणि प्रेसवाला तर रविवारी दुपारपर्यंत पत्रिका मागत होता. म्हणून मी वाद न घालता लबाडी करायची ठरवली.

रविवारी सकाळी आबा पत्रिका पाहायला येणार होते. महिनाभर ज्या पट्ट्यांशी मी भांडले होते, त्या सगळ्यांना मी त्या सकाळी मानानं परत बोलावलं. टास्कबार या. रिबन या. मोजपट्टीबाई, तुम्हीही या. झूम दीडशेवर नेला. आता पडद्यावर एका वेळी चार ओळी दिसत होत्या. पान असं सरकवून ठेवलं की आबांचं नाव मधोमध, ठळक, आणि त्यावरची आईची ओळ रिबनच्या मागं बरोबर झाकलेली. लहान पडद्याचा इतका सुंदर उपयोग कुणी केला नसेल. मी स्वतःवरच खूश झाले.

आबा आले, पण एकटे नाही. बरोबर चुलती आणि भावकीतले चारजण, सल्ला द्यायला. सतरंजीवर बसले. आईनं आत चहा टाकला. मी लॅपटॉप आबांपुढं धरला. त्यांनी स्वतःचं नाव पाहिलं, मान हलवली. "बरं हाय." मी झटकन खाली सरकवलं, व्यवस्थापक, कार्यवाहक, चिल्लीपिल्ली, संपलं.

"थांब," आबा म्हणाले. "आसं येक येक मेंढरू काय दावतीस? सगळा कळप दाव की."

हे इथं समजून घ्यायला हवं. आबा विशीपर्यंत मेंढरांमागं होते. त्यांना कळप कधी मोजावा लागला नाही. माळावर उभं राहून एकदा नजर फिरवली की कोणतं हरवलंय आणि कोणाचं परकं घुसलंय ते त्यांना समजायचं. अजूनही लग्नाच्या पंगतीत कोण आलेलं नाही ते ते दारातून सांगतात. एकेक वाचत बसणं हे त्यांच्या मते मास्तरांचं काम.

"आबा, पडदा लहान आहे. सगळं एकदम नाही मावत," मी म्हणाले. आणि इथंच थांबायला हवं होतं.

भावकीतला एकजण, ज्याचं नाव मी व्यवस्थापकात चौथं घातलं होतं, तो मिशीत हसला. "माझ्या मोबाइलवर समदं दिसतं. कंपनीत आसंच काम करती व्हय? नाचता येईना आन् अंगन वाकडं."

माझं डोकं सणकलं. महिनाभर मी त्या अंगणाचा इंच न् इंच सोडवला होता. पडदा उभा करून भिंतीवर टकटक केली होती. आणि हा माणूस, ज्याला मोबाइलचा आवाज कमी करायलाही नातू लागतो, तो मला अंगण सांगणार! त्या क्षणी मी आई विसरले, लबाडी विसरले, रिबनमागं झाकलेली ओळ विसरले. "थांबा, दाखवते कळप," म्हणून उठले. टीव्हीला जोडायची केबल मी आठवडाभरापूर्वी यवतहून आणून ठेवली होती, पण कीर्तनांपायी टीव्ही मोकळा मिळाला नव्हता. टीव्हीवर चालू असलेलं कीर्तन बंद केलं, एक टोक त्यात, दुसरं लॅपटॉपात, रिबन मिटवली, मोजपट्टी हाकलली, पान पूर्ण. बत्तीस इंचाच्या टीव्हीवर देवापासून आहेरापर्यंत पत्रिका उभी राहिली.

खोलीतून कौतुकाचा आवाज निघाला. मिशीवाल्याची मिशी खाली आली. मी केबल हातात धरून विजयी मुद्रेनं उभी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला आबांचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी एक अक्षर वाचलेलं नव्हतं. नुसती नजर फिरवली होती.

"मी दुसऱ्या वळीत हाय," आबा म्हणाले. "पहिल्या वळीत कोन हाय?"

आबा पुढं सरकले, ओठ हलवत त्यांनी ओळ वाचली. मग मागं टेकले. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"खाली घे. व्हतं तिथं. आपल्यात आशी रीत न्हाई. लोक म्हनतील, भाऊ गेला आन् थोरल्याला बाजूला सारला."

"आबा..." मी सुरुवात केली, पण मी लबाडीची तयारी केली होती, बोलण्याची नाही. माझा हात लॅपटॉपकडं गेला. मी बाण त्या ओळीवर नेलासुद्धा, हे आज लिहिताना लाज वाटते.

आई दारात उभी होती. हातात चहाच्या कपांचं ताट. ती कधीपासून तिथं होती कोण जाणे. तिनं ताट खाली ठेवलं, बसलेल्यांच्या मधून वाट काढत टीव्हीपुढं आली आणि मला म्हणाली, "मोठं कर."

"काय?"

"दिसत न्हाई मला. मोठं कर."

मी झूम वाढवला. पहिल्या दाबाला आहेराची ओळ गेली. मग चिल्लीपिल्ली गेली. मग कार्यवाहक, मग व्यवस्थापकांसकट तो मिशीवाला. वरून देव गेले, वधू-वर गेले, मुहूर्त गेला. आई थांब म्हणेना, म्हणून मी दाबत राहिले. शेवटी आबाही खाली सरकून गेले आणि त्या आख्ख्या पडद्यावर माझ्या आईचं नाव तेवढं उरलं. महिनाभर मी जी जागा शोधत होते ती इतकी होती, हे मला माहीत नव्हतं.

आईनं काचेवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचलं. काना, वेलांटी, सगळं. बोटाला चहाची साखर होती, तिचे ठिपके काचेवर उमटले. वाचून झाल्यावर ती आबांकडं वळली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, पण मान खाली घातली नाही.

"आबा, तुमी न्हाई म्हनलं तर मी काय भांडनार न्हाई. पर लेक माझी हाय. बोलावनं माझं जाऊ द्या."

चुलती हळूच म्हणाली, "बरुबर बोलती ती." आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग टीव्हीकडं. मला वाटलं, आता उठून जाणार. त्यांनी घसा खाकरला.

"माझं कुठं गेलं?"

मी पान जरासं सरकवलं. आबांचं नाव आलं, तेवढंच मोठं, खिडकीएवढ्या अक्षरात. आबा दचकले.

"एवढं मोठं छापनार हाय का?"

"नाही आबा. छापताना सगळी सारखीच."

"मंग चालंल," ते म्हणाले. त्यांनी ताटातला कप उचलला. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला आणि वर आईला "चांगला झालाय" म्हणाले. आबांनी चहाला चांगलं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर मात्र पंचाईत झाली. मिशीवाल्याला त्याचं नाव मोठं करून पाहिजे होतं. मग उरलेल्या तिघांना. मग चुलतीला. प्रत्येकजण टीव्हीपुढं उभा राहून स्वतःचं नाव पाहत होता आणि दुसऱ्यांकडून मोबाइलवर फोटो काढून घेत होता. प्रेसवाल्याचे तीन फोन येऊन गेले. धाकटी आतून ओरडली, "ताई, माझंबी नाव हाय ना त्यात? लगीन माझं हाय!" तेव्हा कुठं ती पत्रिका यवतला गेली.

पत्रिका छापून आल्या. आमच्यात पहिली पत्रिका कवठ्याला येमाईपुढं ठेवतात. ती ठेवायला आबा निघाले, मोटारसायकल चालू केली, आणि मग आईला म्हणाले, "बस मागं. तुझं नाव हाय वर, तूच ठेव." दोघं गेले आणि आले. काय झालं, कोण काय म्हणालं, यातलं आईनं काही सांगितलं नाही. फक्त आल्यावर देवीला मळवट भरलेला कुंकवाचा हात न धुता ती थोडा वेळ ओट्यावर बसली.

लांबच्या लोकांना फोनवर सांगायचं होतं. आई फोन घेऊन बसली, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. यादीत बारा बारा नावंच दिसत होती, सरकवत सरकवत मी नंबर सांगत होते आणि मनातल्या मनात त्या अकरा इंचांना शिव्या घालत होते. पहिला फोन लागला. पलीकडून कुणीतरी बाईमाणूस मोठ्यानं विचारत होतं, "कोन बोलतंय? आवाज येत न्हाई. कोन?"

आईनं तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणाली, "आबांच्या..."

मग थांबली. माझ्याकडं पाहिलं नाही. फोन कानाशी घट्ट धरला आणि स्वतःचं नाव सांगितलं. पहिलं तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव, पत्रिकेत होतं त्याच क्रमानं. पलीकडच्या बाईला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं, गोठ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"धाकटीचं लगीन हाय," ती म्हणाली. "मी बोलवतीया. या."